यारीगाताकेचा सुळका: सह्याद्रीत फिरणाऱ्यांना सप्टेंबरमध्ये जमेल का?

कासाईकर

नमस्कार. मी गेली चार वर्षे तोक्योच्या निशी-कासाई भागात राहते. सप्टेंबरच्या मध्यावर माझा मोठा भाऊ नाशिकहून तीन आठवड्यांसाठी येत आहे. फुजीला जाऊ या असे मी सुचवले, तर त्याने जपानी आल्प्समधल्या यारीगाताके या शिखराचे नाव पुढे केले. याला कारण मीच आहे. माझ्या एका सहकाऱ्याने पहाटे काढलेले छायाचित्र मी त्याला पाठवले होते: खाली ढगांचा समुद्र, त्यातून वर आलेली करडी डोंगरधार आणि धारेच्या टोकाला भाल्यासारखा उभा असलेला एकच सुळका. तेव्हापासून दादाने दुसऱ्या कोणत्याही डोंगराचे नाव काढलेले नाही.

दादाचे वय ५१ आहे. अलंग-मदन-कुलंग त्याने दोनदा केले आहे आणि कळसूबाईला तो जवळजवळ दर नवरात्रात जातो. माझा अनुभव मात्र तुटपुंजा आहे. मी गेल्या वर्षी फुजीचा माथा गाठला, परंतु तिथे चढ असला तरी दृष्टिभय नव्हते. रायलिंगच्या पठारावर उभे राहून समोरच्या लिंगाण्याकडे पाहिले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता, आणि यारीगाताकेच्या शेवटच्या टप्प्यावर उभ्या लोखंडी शिड्या आहेत असे ऐकल्यापासून तो गोळा पुन्हा जाणवू लागला आहे.

म्हणून जाणकारांना विचारते. कोणत्या बाजूने जावे आणि किती मुक्काम धरावेत? शेवटच्या सुळक्यावर मी चढले नाही, तर बाकीची दोन दिवसांची चाल व्यर्थ गेली असे वाटेल का? आम्ही दोघेही शाकाहारी आहोत आणि दादा अंडेही खात नाही, तेव्हा वर जेवणाचे काय? आणि एक प्रश्न दादाचा आहे, तो त्याच्याच शब्दांत लिहिते: “ज्या डोंगराच्या माथ्यावर जायला रांग लावावी लागते, त्या डोंगरावर डोंगर भेटतो का?”

डोंगरधार

ताई, मी नागोयात राहतो आणि यारीगाताकेला तीन वेळा गेलो आहे. दोनदा पूर्वेकडून, म्हणजे कामीकोचीहून, आणि एकदा पश्चिमेच्या शिन-होताकाकडून. दादांचा अनुभव पाहता त्यांच्यासाठी शेवटच्या सुळक्याची मला काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती अंतराची आणि उंचीची, कारण सह्याद्रीत आपल्याला या दोन्ही गोष्टींची सवय होत नाही.

कळसूबाईचा माथा १,६४६ मीटरवर आहे आणि कामीकोचीचा बसथांबा १,५०० मीटरवर. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर जिथे संपते, जवळजवळ तिथूनच ही चाल सुरू होते आणि ३,१८० मीटरवर पोहोचते. एका बाजूचे अंतर सुमारे २२ किलोमीटर आहे. त्यातले पहिले ११ किलोमीटर आझुसा नदीच्या काठाने, म्योजिन आणि तोकुसावा ही ठिकाणे मागे टाकत योकोओपर्यंत जातात आणि ही वाट इतकी सपाट आहे की तीन तासांत आपण फारसे वर आलेलोच नसतो. नदीचे पाणी काचेसारखे आहे, सावली दाट आहे, वाटेत आइस्क्रीमसुद्धा मिळते, आणि म्हणूनच माणूस इथे फसतो. सकाळचे तीन तास रमतगमत घालवल्यावर खरा चढ भर दुपारी समोर येतो.

योकोओनंतर थोड्या वेळाने एक जागा लागते, तिचे नाव यारीमी-गावारा. ‘यारी’ म्हणजे भाला, ‘मी’ म्हणजे पाहणे आणि ‘गावारा’ म्हणजे नदीपात्रातला दगडगोट्यांचा पट्टा. तिथे दोन डोंगरांच्या फटीतून, खूप दूर, नखाएवढे टोक दिसते. थांबून नीट पाहिले नाही तर ते सुटते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका वृद्ध जपानी बाईंनी माझी बाही धरून मला ते दाखवले होते. त्यानंतर भाला पुन्हा लपतो तो कित्येक तास दिसत नाही.

पश्चिमेची वाट अंतराने कमी आहे, परंतु ती १,१०० मीटरच्याही खालून सुरू होते, सलग चढते, आणि वाटेत ताकीदानीचा ओढा ओलांडावा लागतो, जो मोठ्या पावसात ओलांडण्याजोगा राहत नाही. सप्टेंबरमध्ये वादळांचे दिवस असल्यामुळे ती बाजू मी तुम्हाला सुचवणार नाही. ‘ओमोते गिंझा’ नावाची तिसरी वाट नाकाबुसाच्या गरम झऱ्यांपासून त्सुबाकुरो शिखरावरून डोंगरधारेने येते. सौंदर्यात तिला तोड नाही, परंतु तिच्या शेवटच्या पूर्वधारेवर शिड्या आणि साखळ्या पुष्कळ आहेत आणि तुम्ही सांगितलेला पोटातला गोळा तिथे तासन्‌तास सोबत राहील. तुम्ही कामीकोचीहूनच जावे.

मुक्काम तीन धरावेत. शिनजुकूहून सकाळच्या ‘आझुसा’ गाडीने मात्सुमोतो, तिथून छोट्या रेल्वेने शिन-शिमाशिमा आणि पुढे बसने कामीकोची, असे केले तर पोहोचायला दुपार होते. खासगी गाड्यांना कामीकोचीत १९७५ पासून बंदी आहे, तेव्हा मोटारीने गेलात तरी सावांदोला ती ठेवून बसच धरावी लागते. पहिल्या दिवशी योकोओला थांबा. तिथल्या यामागोयात, म्हणजे डोंगरातल्या मुक्कामघरात, आंघोळीची सोयही आहे, मात्र नदी जपण्यासाठी तिथे साबण वापरू देत नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून यारीसावा दरीने वर चढा. १,८२० मीटरवरचे यारीसावा लॉज मागे पडले की झाडे हळूहळू ठेंगणी होतात, बाबादाईराच्या पुढे दरी मोठे वळण घेते आणि मग झाडे संपून नुसते मोठे दगड, घसारा आणि जमिनीलगत पसरलेले हाईमात्सु नावाचे खुरटे पाइन उरतात. तिथून भाला दिसू लागतो तो आता दिसतच राहतो, आणि त्यामुळेच शेवटचे दोन तास लांब वाटतात. दगडांवर रंगाने उरलेले अंतर लिहिलेले आहे. एक हजार मीटरची पाटी वाचून मी पहिल्यांदा खूश झालो होतो. त्या हजार मीटरांना मला तासाहून अधिक वेळ लागला. हवा विरळ झालेली असते आणि पायांत सकाळची चाल साठलेली असते. अडीच हजार मीटरनंतर डोके दुखू लागले तर त्याला थकवा समजून दुर्लक्ष करू नका. वेग कमी करा, पाणी प्या, आणि दुखणे वाढत गेले तर खाली उतरा. वरच्या मुक्कामघरात एका वैद्यकीय विद्यापीठाचे डॉक्टर दवाखाना चालवतात, परंतु तो भर उन्हाळ्यापुरताच असतो, सप्टेंबरच्या मध्यावर त्याचा आधार धरू नका.

मुक्कामघर सुळक्याच्या खांद्यावर, सुमारे ३,०८० मीटरवर आहे. म्हणजे शेवटचा सुळका उण्यापुऱ्या शंभर मीटरांचा. आता त्याच्याविषयी सविस्तर लिहितो, कारण तुमची भीती त्याच्याशी निगडित आहे.

हा खडक आपल्या सह्याद्रीच्या बसाल्टसारखा लाव्हाच्या थरांचा नाही. सुमारे १७ लाख वर्षांपूर्वी इथे प्रचंड ज्वालामुखीय उद्रेक झाला आणि त्याची राख व दगडांचे तुकडे साचून, घट्ट होऊन हा कठीण खडक तयार झाला. दख्खनचा बसाल्ट साडेसहा कोटी वर्षांच्या घरातला आहे, त्या मानाने हे शिखर तान्हे म्हणावे लागेल. पुढे हिमयुगात चारही बाजूंनी हिमनद्यांनी डोंगर कोरत नेला आणि कोणत्याच हिमनदीच्या हाती न लागलेला मधला भाग भाल्यासारखा उरला. खडकाला उभ्या-आडव्या भेगा आहेत, त्यामुळे हाताला खोबणी आणि पायाला कंगोरे भरपूर मिळतात. कातळ दिसतो त्यापेक्षा पुष्कळ दयाळू आहे.

चढण्याची आणि उतरण्याची वाट वेगवेगळी आखलेली आहे, समोरून माणूस येत नाही. दगडांवर पांढऱ्या रंगात गोल दिसला तर तिथे पाय ठेवायचा, फुली दिसली तर तिकडे जायचे नाही. मध्ये साखळ्या आणि लोखंडी खुंट्या आहेत. शेवटी दोन शिड्या एकापाठोपाठ येतात, त्यातली वरची लांब आहे आणि जवळजवळ उभी आहे. कळसूबाईच्या शिड्यांना कठडा असतो, तसा तिला नाही. सकाळी लोखंड इतके गार असते की पातळ हातमोजे नसतील तर बोटे बधिर होतात आणि पकड कळेनाशी होते. ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, म्हणून मुद्दाम लिहितो. नियम आपल्याकडचाच: तीन टेकू पक्के असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही. हेल्मेट अवश्य घाला, नागानो प्रांताने यारी-होताका परिसरात ते घालण्याची शिफारसच केलेली आहे, आणि धोका आपण पडण्यापेक्षा वरच्या माणसाच्या पायाखालून दगड सुटण्याचा अधिक आहे. मोकळ्या दिवशी खांद्यापासून माथा अर्ध्या तासात होतो. माथा म्हणजे एखाद्या खोलीएवढी जागा, एका टोकाला लाकडी देव्हारा, आणि हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला होताकाची धार व फार दूर फुजी.

सुळक्यावर चढले नाही तर चाल व्यर्थ का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या तिसऱ्या खेपेला मी वर गेलोच नाही. खांद्यावरच्या अंगणात बसून, सुळक्याची सावली पश्चिमेच्या दरीवर पसरून हळूहळू आखडत जाताना पाहिली. ती सकाळ मला माथ्यावरच्या दोन्ही सकाळींपेक्षा अधिक आठवते.

आषाढी

फक्त जेवणाविषयी लिहिते, कारण आमच्या घरचेही शुद्ध शाकाहारी आहेत आणि पहिल्या खेपेला आमचे हाल झाले होते.

मुक्कामघरांतले जेवण चांगले असते, परंतु ते आपल्यासाठी नसते. मिसो सूपमध्ये वाळवलेल्या माशाचा अर्क, म्हणजे दाशी, असतो. भाजी त्याच अर्कात शिजवलेली असते. करी-भातात मांस नसले तरी तिच्या तयार मसाल्यात बहुधा प्राण्यांची चरबी असते. वरच्या मुक्कामघरात बहुतेक सामान हेलिकॉप्टरने येते, त्यामुळे ऐन वेळी वेगळे काही करून मागणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरते. आरक्षण करतानाच ‘सुदोमारी’, म्हणजे जेवणाविना मुक्काम, असे सांगा. दरही बराच कमी पडतो. दोन जेवणांसह माणशी दहा हजार येनच्या पुढे खर्च जातो. आरक्षण मात्र अनिवार्य समजा, पूर्वीसारखे आयत्या वेळी जाऊन अंथरूण मिळण्याचे दिवस गेले.

स्वतः शिजवण्यासाठी वेगळी जागा असते. गॅसचे डबे विमानातून आणता येत नाहीत, ते मात्सुमोतोतच घ्या. कोणत्याही डोंगरी सामानाच्या दुकानात आल्फा-माई मिळतो. हा आधी शिजवून वाळवलेला तांदूळ असतो, पाकिटात गरम पाणी ओतून पंधरा मिनिटे थांबले की भात तयार होतो. पाकिटे साध्या पांढऱ्या भाताचीच निवडा. दादांना नाशिकहून मेतकूट, तूप, लिंबाचे मुरलेले लोणचे आणि शेंगदाण्याची चटणी आणायला सांगा. ताजा कढीपत्ता, फळे असे काही आणू नये, विमानतळावर अडवतात. तीन हजार मीटरवर, बाहेर वारा घोंगावत असताना, मेतकूट-तूप-भाताचा पहिला घास घेतल्यावर माझ्या सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आले होते. शेजारी बसलेल्या दोन जपानी मुलींनी वास घेऊन हे काय आहे असे विचारले, त्यांनाही दिला, आणि एकीने उरलेल्या मेतकुटाची पुडी मागून घेतली.

रिकामी पाकिटे, डबे, टिश्यू, सारा कचरा आपल्याच पाठपिशवीतून खाली आणायचा आहे. पाणी वर विकत मिळते, कारण ते पावसाचे साठवलेले असते. म्हणून भांडी धुण्याचा प्रसंग येणार नाही असेच जेवण ठरवा.

घसारा

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. मी मात्र माथा न गाठता परतलेल्यांपैकी आहे, आणि ते निवडीने नव्हे.

आम्ही पती-पत्नी ऑगस्टमध्ये गेलो होतो. खांद्यावर पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. सामान टाकून, चहा घेऊन, दोन वाजता सुळक्याकडे जाऊ असे ठरवले, कारण आकाश तोवर निळे होते. पाऊण तासात पश्चिमेच्या दरीतून ढग वर आले, आणि तिकडच्या कासागाताके शिखराच्या बाजूला पहिला गडगडाट झाला तेव्हा सुळक्यावर वीस-पंचवीस माणसे होती. मुक्कामघरातले कर्मचारी बाहेर येऊन सर्वांना खाली उतरायला सांगू लागले. ती माणसे ओल्या लोखंडाला धरून एकेक करून उतरत होती आणि आम्ही खिडकीतून पाहत होतो. कोणालाही इजा झाली नाही, परंतु तो अर्धा तास मी विसरलेलो नाही.

याच पर्वतरांगेत, पश्चिम होताकावर, १ ऑगस्ट १९६७ रोजी दुपारी शाळेच्या सहलीतल्या मुलांवर वीज पडली आणि ११ विद्यार्थी मृत्युमुखी पडले. उघड्या धारेवर वीज वरूनच येते असे नाही. ढग आपल्याच उंचीवर असतात आणि ती आडवीही येते. सुळक्यावर तर हात लोखंडावर असतो. म्हणून माझे कळकळीचे सांगणे असे आहे की पहाटे चारच्या सुमारास योकोओ सोडा, खांद्यावर अकराच्या आत पोहोचा, आणि आकाश मोकळे असेल तर चहाही न घेता सामान ठेवून लगेच वर जा. उद्या सकाळी निवांत जाऊ, असे म्हणू नका. आमची दुसरी सकाळ पावसाचीच निघाली.

दुसरी गोष्ट विम्याची. त्याच पावसात, बाबादाईराच्या वर, ओल्या दगडावरून पत्नीचा पाय सटकला आणि गुडघा पिरगळला. दोन अनोळखी जपानी गृहस्थांनी तिची पाठपिशवी आळीपाळीने वाहिली म्हणून आम्ही अंधार पडण्यापूर्वी योकोओला पोहोचलो. पुढचे उपचार शहरातल्या रुग्णालयात झाले आणि भारतातून काढलेल्या प्रवासविम्याने एक रुपयाही दिला नाही, कारण पॉलिसीच्या बारीक अक्षरांत गिर्यारोहण वगळलेले होते. आम्ही ते वाचलेच नव्हते. तुमच्या दादांची पॉलिसी आजच काढून वाचा. जपानमध्ये डोंगरासाठी वेगळा अल्प मुदतीचा विमा मिळतो, त्यात शोध आणि बचावाचा खर्चही धरलेला असतो. आणि चढाईची पूर्वसूचना, ज्याला इथे ‘तोझान-तोदोके’ म्हणतात, ती भरून द्या. नागानो प्रांतात अशा डोंगरांसाठी ती नियमानेच बंधनकारक आहे. ती ऑनलाइन भरता येते, किंवा कामीकोचीच्या बसथांब्यापाशी पेटी आहे तीत टाकता येते. कोणत्या वाटेने जाणार आणि कधी परतणार हे त्यात लिहिलेले असते, आणि तुम्ही परतला नाहीत तर शोध तिथून सुरू होतो.

कासाईकर

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. तीन मुक्काम, कामीकोचीची वाट आणि मेतकूट हे नक्की झाले. दादाची पॉलिसी काल रात्रीच वाचली; तीतही गिर्यारोहण वगळलेले आहे, त्यामुळे इथला विमा काढणार आहोत. डोंगरधार यांनी लिहिलेला गोल आणि फुलीचा तपशील वाचून मला पुष्कळ धीर आला, कारण पुढचा पाय कुठे टाकायचा हे कळेनासे झाले की माझी भीती सर्वांत वाढते.

दादाचा रांगेविषयीचा प्रश्न मात्र तसाच राहिला आहे. तो हट्टाला पेटला आहे असे नव्हे, परंतु हरिहरवर सुट्टीच्या दिवशी पायऱ्यांवर झालेली कोंडी त्याने पाहिली आहे आणि तेव्हापासून गर्दीच्या डोंगरांविषयी त्याच्या मनात राग आहे.

पायवाट

मी मात्सुमोतोत शिकते आणि दादांच्या प्रश्नाचे उत्तर मला या डोंगराच्या इतिहासातच सापडते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

यारीगाताकेवर पहिल्यांदा चढल्याची नोंद आहे ती १८२८ सालची, आणि चढणारा माणूस शिकारी नव्हता, सैनिक नव्हता, साहेबही नव्हता. तो बानऱ्यू नावाचा भिक्षू होता, आजच्या तोयामा प्रांतात १७८६ साली जन्मलेला, अमिताभ बुद्धाचे नाम अखंड घेत डोंगरांत हिंडणारा. १८२३ साली त्याने पश्चिमेच्या कासागाताकेवर जाणारी मोडलेली वाट पुन्हा उघडली आणि तिथून त्याला समोर हा भाला दिसला. पाच वर्षांनी, आझुमी भागातल्या माताजुरो नावाच्या वाटाड्याला घेऊन तो यारीसावाने वर गेला आणि माथ्यावर त्याने मूर्ती बसवल्या. वाटेत, आजच्या सेश्शो नावाच्या मुक्कामघराच्या खालच्या बाजूला, मोठ्या शिळेखाली एक गुहा आहे, तिथे तो राहत असे आणि नामस्मरण करीत असे. आज यारीसावाने चढणारा प्रत्येक जण त्या गुहेच्या तोंडावरून जातो. मी आत वाकून पाहिले आहे. दोन माणसे पाय मुडपून बसतील एवढीच जागा आहे आणि दगडातून पाणी ठिबकते.

मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. पहिला चढल्यावर बानऱ्यूचे काम संपले नाही. आपल्या मागून गावातले शेतकरी यावेत, त्यांनाही माथ्यावरचे दर्शन घडावे, म्हणून त्याने सुळक्यावर गवताचा दोर बांधला. तो दोर टिकणारा नव्हता, म्हणून भक्तांच्या देणग्यांतून लोखंडी साखळी घडवून घेतली. तेवढ्यात १८३० च्या दशकातला मोठा दुष्काळ आला. पवित्र शिखराला लोखंड लावल्यामुळे देव कोपला अशी बोलवा उठली आणि मात्सुमोतोच्या सरकारने साखळी लावू दिली नाही. परवानगी मिळाली ती १८४० साली. साखळी सुळक्यावर चढली आणि त्याच वर्षी बानऱ्यू वारला.

ज्याला आपण ‘जपानी आल्प्स’ म्हणतो ते नाव विल्यम गोलंड या इंग्रजाने दिले आणि ते १८८१ साली छापले गेले. गोलंड ओसाकाच्या टांकसाळीत नोकरीला होता. वॉल्टर वेस्टन हा पाद्री १८९२ साली यारीवर चढला आणि त्याच्या लेखनामुळे हे डोंगर जगाला कळले. कामीकोचीत त्याची स्मृतिशिळा आहे आणि तिच्यासमोर दर जूनमध्ये उत्सवही होतो. त्यांचे श्रेय त्यांना द्यावेच. परंतु ते आले तेव्हा या सुळक्यावर साखळी लागून कित्येक दशके झालेली होती, आणि ती लावणाऱ्याला माथा स्वतःपुरता नको होता. १९२६ साली खांद्यावर मुक्कामघर बांधणाऱ्या होकारी मिसाओ यांनी पुढे अनेक वर्षे खर्चून बानऱ्यूच्या आयुष्याचा मागोवा घेतला, हेही मला योगायोगाचे वाटत नाही.

म्हणून दादांना सांगा की हरिहरची कोंडी आणि यारीची रांग या एकाच जातीच्या गोष्टी नाहीत. कोंडीत कोणी कोणासाठी थांबत नाही. यारीच्या रांगेत मी दोन तास उभी होते, ऑगस्टमधल्या सुट्टीच्या दिवशी. माझ्या पुढे सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ होते. शिडीच्या पायथ्याशी त्यांचे पाय थरथरू लागले, तेव्हा वरचे थांबले, खालचे थांबले, आणि कोणी मागून हाक मारली नाही. ते वर पोहोचल्यावर माथ्यावरच्यांनी टाळ्या वाजवल्या. पंढरीच्या वाटेवर चाललेल्या माणसाला गर्दीत विठोबा भेटेल का असे आपण विचारत नाही. यारीचा माथाही मला तसाच भासला.

ज्यांना एकांत हवा त्यांच्यासाठी वाट आहेच. यारीसावातून थोडे बाजूला गेल्यावर तेंगुहारा नावाचे पठार आणि तिथे तेंगुइके हे लहानसे तळे आहे. वारा नसेल तर सप्टेंबरअखेरीस, लाल झालेल्या झुडपांच्या मध्ये, भाला उलटा होऊन पाण्यात दिसतो. आणि धुके असेल त्या दिवशी निराश होऊ नका, कारण राईच्यो, म्हणजे ‘मेघगर्जनेचा पक्षी’, हा बर्फाळ प्रदेशातला तित्तिरासारखा दुर्मीळ पक्षी अशाच हवेत हाईमात्सुखालून बाहेर येतो. मला तो भेटला तेव्हा तीन पिले मागे घेऊन माझ्या बुटापासून चार हातांवरून वाट ओलांडून गेला, घाई न करता. मी श्वास रोखून उभी होते.

डोंगरधार

पायवाट यांचा प्रतिसाद वाचून मलाही पुन्हा जावेसे वाटू लागले आहे. एक भर घालतो: सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारी राष्ट्रीय सुट्टी असते. तो शनिवार-रविवार-सोमवार टाळून मंगळवारी निघालात, तर रांगेचा प्रश्न बहुतांशी उरणारच नाही. आणि ताई, शिडीवर चढताना दादांना तुमच्या मागे ठेवा, पुढे नको. खाली ओळखीचा आवाज असला की पाय टाकायला सोपे जाते.

कासाईकर

मंगळवारची तारीख धरून योकोओ आणि खांद्यावरचे मुक्कामघर, दोन्हीकडे सुदोमारीचे आरक्षण झाले. तिसरा मुक्काम उतरताना यारीसावा लॉजला ठेवला आहे, म्हणजे हवा बिघडलीच तर एक सकाळ हाताशी राहील. सुळक्याचा निर्णय मी खांद्यावर पोहोचल्यावर घेईन असे दादाला सांगितले आणि त्याने ते मान्य केले.

बानऱ्यूची हकिगत त्याला दूरध्वनीवर वाचून दाखवली. तो बराच वेळ गप्प होता, मग गवताचा दोर किती लांब असेल असे विचारू लागला. मात्सुमोतो स्थानकासमोर बानऱ्यूचा पुतळा आहे असे कळते. शिन-शिमाशिमाची गाडी धरण्यापूर्वी तिथे पाच मिनिटे थांबायचे आमचे ठरले आहे.